झुलेखाआपाचं कार्ड

कोठारे साहेबांनी हातातला टॅब माझ्या तोंडासमोर धरला.

"हे बघा शिवलकर. झुलेखा होडेकर. नाव हिरवं आहे ना? म्हणजे ती बाहेर आलेली आहे."

मी टॅबकडे बघत नव्हते, पटांगणभर नजर फिरवत होते. पांढऱ्या कोटातल्या, डोक्याला जाळी बांधलेल्या, गमबूट घातलेल्या बायका उन्हात दाटीवाटीने उभ्या होत्या. कुणी खोकत होती, कुणी डोळ्यांवर पाणी मारत होती, एक जण कुंपणाला धरून ओकत होती. अमोनियाचा वास तिथवर येत होता आणि नाकातून थेट कपाळात चढत होता. झुलेखाआपा त्या बायकांत नव्हती. ती आम्हा सगळ्यांत उंच, असती तर दिसल्याशिवाय राहिली नसती.

"ती इथे नाहीये साहेब," मी म्हटलं. "ती चिल रूममध्ये आहे. सकाळी माझ्यासमोर सुपरवायझर तिला आत सोडून आली."

"मग नंतर निघाली असेल."

"निघेल कशी? तिचं कार्ड तुम्ही काढून घेतलंय."

ते गप्प झाले. अगदी थोडा वेळ. मला वाटलं, चला, आता यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पण त्यांनी पुन्हा टॅबवर बोट आपटलं.

"सिस्टीम सांगते आहे, ती पटांगणात आहे. सगळ्या बाहेर आहेत. उगाच घबराट पसरवू नका. जा, रांगेत उभ्या राहा."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वरच्या साहेबांचा असणार, कारण ते लगेच वळले आणि कंटेनरबद्दल बोलायला लागले.

आमची कंपनी रत्नागिरीपासून थोडं दूर, खाडीच्या काठी. कोलंबी सोलायची, धुवायची, गोठवायची आणि खोक्यांत भरून परदेशी पाठवायची. आसपासच्या गावांतल्या बायका तिथे कामाला. मी लग्नानंतर चारेक वर्षांनी लागले, नवरा आंबोळीच्या गाडीवर होता आणि त्यात घर चालत नव्हतं. पहिल्या आठवड्यात माझी बोटं कोलंबीच्या काट्यांनी सोलवटून निघाली होती. संध्याकाळी बसची वाट बघताना झुलेखाआपाने माझा हात हातात घेऊन बघितला, आणि दुसऱ्या दिवशी मला स्वतःशेजारी उभं करून घेतलं. डोकं कुठे धरायचं, अंगठा कुठून फिरवायचा, हे तिने दाखवलं. तेव्हापासून मी तिच्या शेजारीच उभी राहायचे. कंपनी सुरू झाल्यापासून ती तिथे होती. तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही.

कार्डं आली ती कोठारे साहेबांबरोबर. ते नवी मुंबईहून सुरक्षा अधिकारी म्हणून आले होते. प्रत्येक बाईच्या गळ्यात एक कार्ड, त्यात एक बारीक चिप. कुठे दाखवायला नको, दाबायला नको. दारातून गेलं की चौकटीवरचं रीडर ते आपणहून ओळखायचं आणि कोण कुठल्या खोलीत आहे ते साहेबांच्या टॅबवर उमटायचं. काही दारं तर तेच कार्ड टेकवलं तरच उघडायची. कोलंबीच्या क्रेटनाही तसेच टॅग लावले होते. त्यांना तापमान कळायचं. माल जरा गरम झाला, की टॅबवर तो क्रेट लाल. पहिल्या दिवशी आम्हाला सगळ्यांना बसवून साहेबांनी सांगितलं, की हे तुमच्या सुरक्षेसाठी आहे. आग लागली, गॅस सुटला, तर आत कोण राहिलंय ते एका नजरेत कळेल. आम्ही टाळ्याही वाजवल्या होत्या.

मग महिन्याभरात कळलं, की टॅबवर आणखीही काही दिसतं. संडासाच्या दारावरही रीडर होतं. कोण किती वेळा गेली, किती वेळ बसली, ते सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवायला लागले. बाप्ये कामगारही तिथे उभे असायचे. पाळी आलेल्या पोरी मान खाली घालून ऐकायच्या. एकदा एका नव्या मुलीला साहेब म्हणाले, संडासात काय घर केलंय का? बाप्ये हसले. त्या मुलीने दुसऱ्या दिवसापासून येणंच बंद केलं.

सगळ्यात जास्त वेळा नाव यायचं झुलेखाआपाचं, कारण तिला साखर होती. तिला जावंच लागायचं. तिने साहेबांना तसं सांगितलं, तर ते म्हणाले डॉक्टरांचा दाखला आणा. तिने तालुक्याच्या डॉक्टरांकडे अर्धा दिवस रजा टाकून दाखला आणला. साहेबांनी तो वाचला, घडी घातली, आणि म्हणाले सिस्टीममध्ये अशी वेगळी सोय नाही.

आणि मग त्यांनी 'कार्ड जमा' काढलं. ज्या बाईचा वेळ जास्त भरेल, तिचं कार्ड दिवसभर वॉचमनच्या केबिनमध्ये, एका प्लास्टिकच्या टबात ठेवायचं. कार्ड नाही म्हणजे कुठलंच दार उघडणार नाही. त्या बाईला चिल रूममध्ये, म्हणजे माल थंड ठेवतात त्या खोलीत, क्रेट रचायला लावायचं. सुपरवायझरने स्वतःच्या कार्डाने आत सोडायचं आणि जेवणाच्या सुट्टीत बाहेर काढायचं. तिथून संडासाला जायची सोय नाही, हीच शिक्षा. चिल रूमच्या दाराला पूर्वी आतून एक लाल बटण होतं, दाबलं की दार उघडायचं. पण कुणी पटकन बाहेर पडायचं आणि दार नीट लागायचं नाही, क्रेट लाल व्हायचे. म्हणून ते बटण काढून त्या जागी पत्रा मारला होता.

त्या दिवशी सकाळी आपाचं कार्ड जमा झालं. तिने गळ्यातून काढून ते सुपरवायझरच्या हातावर आपटलं. रागाने. जाताना मला म्हणाली, "रसिका, माझा डबा तुझ्याजवळ ठेव गो. मला वेळेवर खायला लागतं."

त्यानंतर तासाभराने कंप्रेसरच्या खोलीत कुठलासा व्हॉल्व्ह फुटला आणि माल गोठवायच्या यंत्रातला अमोनिया बाहेर सुटला.

भोंगा वाजला आणि आम्ही पळालो. ठरल्याप्रमाणे वॉचमन मयेकर यांनी कार्डांचा टब उचलला आणि पटांगणात आणून ठेवला, रीडर बसवलेल्या खांबाच्या बुडाशी. रीडरने टबातलं कार्ड वाचलं. म्हणून झुलेखाआपाचं नाव हिरवं झालं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की बाई आत आहे आणि हा माणूस मला रांगेत उभं राहायला सांगतोय.

मी मुख्य दाराकडे पळाले. तिथे दोन गार्ड होते. त्यांनी मला अडवलं, वरून हुकूम होता. मी त्यांच्याशी वाद घालत बसले नाही. इमारतीला वळसा घालून मागे गेले. तिथे बर्फाच्या गाड्या लागतात. गाडीतून बर्फ एका पत्र्याच्या घसरगुंडीवर ओततात, तो भिंतीतल्या उंचावरच्या झडपेतून थेट चिल रूममध्ये पडतो. झडप माणूस जाईल एवढी होती. मी डोक्याची जाळी आणि रुमाल बर्फाच्या पाण्यात बुडवून तोंडाला बांधले आणि पाय पुढे करून स्वतःला सोडून दिलं.

आत पडले ती बर्फाच्या ढिगात. डोळे उघडताच मिटले. कुणी मिरचीची धुरी दिल्यासारखी आग झाली. हाका मारायला तोंड उघडलं तर घसा आवळला. मग मी भिंतीला हात लावून सरकायला लागले, क्रेट चाचपत, दाराच्या दिशेने. दारापाशी माझा पाय तिच्या अंगाला लागला. ती दाराला टेकून बसली होती, कोट भिजवून तोंडावर घेतला होता. मी तिला हलवलं तर तिचं डोकं माझ्या हातावर कलंडलं. श्वास चालू होता, पण करवत चालावी तसा.

माझ्या गळ्यात माझं कार्ड होतं. मी ते दाराला टेकवलं. टुक असा आवाज झाला आणि दार उघडलं.

एवढंच. इतकं सोपं होतं ते. त्या आवाजाची मला अजून चीड येते.

पॅसेजमध्ये गॅस जास्त होता, पण माल चढवायचं दार जवळ होतं. तिचे खांदे धरून मी तिला फरशीवरून ओढलं. ओली फरशी होती म्हणून जमलं. बाहेर आलो तेव्हा अग्निशामकवाले नुकतेच पोचत होते. त्यांनी आम्हाला दोघींना पाण्याखाली धरलं. पाण्यातून मला कोठारे साहेब दिसले. ते झुलेखाआपाकडे बघत होते. मग त्यांनी टॅबकडे बघितलं. मग परत तिच्याकडे.

मला सिव्हिलमधून लवकर सोडलं. आपाला कोल्हापूरला न्यावं लागलं. फुप्फुसं भाजली होती, डाव्या डोळ्याच्या बुबुळाला इजा झाली होती. तिचा नवरा युसूफभाई तेव्हा ट्रॉलरवर होता. बातमी कळून तो येईपर्यंत तिची मुलगी तस्नीम एकटी तिच्याजवळ होती. ती फोनवर रडायची नाही. फक्त विचारायची, मावशी, अम्मी आत कशी राहिली? तुम्ही सगळ्या बाहेर आलात ना?

मी बरी होऊन घरी असताना कोठारे साहेब आले. बरोबर पेढे होते, ऑफिसातला एक माणूस होता. साहेब आमच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि माझं फार कौतुक केलं. मग मुद्द्यावर आले. मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह असतो, त्यात माझा सत्कार करायचा ठरलाय. जिल्ह्याचे पाहुणे येणार, फॅक्टरी इन्स्पेक्टरही येणार. सहकारी भगिनीचा जीव वाचवणारी धाडसी कामगार, असं ते म्हणाले.

मी विचारलं, ती आत कशी राहिली म्हणून सांगणार?

त्यांनी अगदी मऊ आवाजात सांगितलं, की चौकशीत स्पष्ट झालंय. सिस्टीमच्या नोंदीप्रमाणे होडेकरबाई भोंगा वाजल्यावर पटांगणात आल्या होत्या. त्यानंतर त्या डबा आणायला परत आत गेल्या. साखरेच्या पेशंट आहेत, त्यांना वेळेवर खावं लागतं, समजू शकतो. पण नियम मोडून गेल्या, त्यामुळे कंपनीची जबाबदारी येत नाही. तरी माणुसकी म्हणून कंपनी काहीतरी बघेल, तुम्ही सहकार्य केलंत तर.

डबा माझ्याजवळ होता. माझ्या पिशवीत, माझ्या डब्याला लागून. मी हे त्यांना सांगितलं नाही. माझं अंग इतकं तापलं होतं, की बोलले असते तर तिथेच काहीतरी झालं असतं. मी म्हटलं, सत्काराला येईन. ते खूश होऊन गेले. पेढे मी नवऱ्याला शेजारच्या म्हशीला घालायला सांगितले.

सत्काराच्या दिवशी पटांगणातच मांडव घातला होता. सगळ्या बायका पांढऱ्या कोटात, गळ्यात कार्ड घालून बसलेल्या. टबाची गोष्ट तोवर मला कळली होती; शेजारच्या लाईनवरच्या एका बाईने तो खांबाखाली बघितला होता. वरचे साहेब बोलले, पाहुणे बोलले. कोठारे साहेबांनी सांगितलं, की आधुनिक तंत्रज्ञानामुळे त्या दिवशी काही मिनिटांत सगळी मोजदाद झाली. मग मला स्टेजवर बोलावलं, शाल घातली, नारळ दिला आणि दोन शब्द बोला म्हणून माईक हातात दिला.

मी माईक तोंडाजवळ धरला.

"झुलेखाआपा डबा आणायला गेली नव्हती," मी म्हटलं. "डबा माझ्याजवळ होता. ती पटांगणात आलीच नव्हती. तिचं कार्ड आलं होतं, वॉचमनच्या टबातून. ती संडासला जास्त वेळा जाते म्हणून तुम्ही तिचं कार्ड काढून घेतलं आणि तिला दाराआड कोंडलं. त्या दाराला आतून बटण नाही. इन्स्पेक्टर साहेब, तुम्ही आत्ता उठा आणि बघून या. पत्रा अजून तिथेच आहे."

कोठारे साहेबांनी माझ्या हातातला माईक घेतला. हसत म्हणाले, की शिवलकर बाईंच्या मनावर अजून त्या प्रसंगाचा परिणाम आहे. आपण समजून घेऊ या. भावना आणि नोंद यात फरक असतो.

मांडवाच्या कडेला मयेकर उभे होते, खाकी शर्टात. पन्नाशी उलटलेला, कधी कुणाशी मोठ्याने न बोललेला माणूस. ते दोन पावलं पुढे आले.

"ठोकत होती ती," ते म्हणाले.

पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही. कोठारे साहेबांनी त्यांना जागेवर जायला सांगितलं. ते गेले नाहीत.

"सगळ्या बाहेर आल्यावर मी न् साहेब दारं बघायला आत गेलो होतो. चिल रूमच्या दारावर आतून ठोकल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, साहेब, आत कोणीतरी आहे. साहेबांनी टॅब बघितला. म्हणाले, सगळी नावं हिरवी आहेत, आत कोणी नाही, तो कंप्रेसरचा आवाज आहे. मी म्हटलं, दार उघडून बघू. साहेब म्हणाले, उघडू नकोस. क्रेट लाल होतील, माल जाईल." मयेकरांनी तोंडावरून हात फिरवला. "मग आम्ही बाहेर आलो. आणि मग शिवलकर वैनी साहेबांना सांगायला आल्या."



मी कोठारे साहेबांकडे बघितलं. मी त्यांना सांगत होते, ती चिल रूममध्ये आहे म्हणून, तेव्हा ते गप्प झाले होते. ते ठोकणं त्यांच्या कानात होतं तेव्हा. ताजं. माझं बोलणं ऐकताना त्यांना कळलं होतं, की तो कंप्रेसर नव्हता. आणि तरी त्यांनी मला रांगेत उभं राहायला सांगितलं, आणि कंटेनरबद्दल बोलायला वळले.

त्यानंतरचं मी ठरवून केलं नाही. नारळ खाली ठेवला की पडला, आठवत नाही. मी त्यांची कॉलर धरली. दोन्ही हातांनी धरली आणि हलवली, आणि एकच विचारत राहिले, किती वेळ ठोकत होती, सांग. किती वेळ. त्यांचा चष्मा पडला. बायका स्टेजवर चढल्या, मला वाटलं मला सोडवायला, पण त्या नुसत्या भोवती उभ्या राहिल्या. शेवटी इन्स्पेक्टरने माझी बोटं एकेक करून सोडवली. मग ते मयेकरांना घेऊन चिल रूमकडे चालायला लागले, आणि सगळ्या बायका उठून त्यांच्या मागोमाग गेल्या.

मला कामावरून काढलं, अधिकाऱ्यावर हात टाकला म्हणून. मयेकरांनाही काढलं, ते आता त्यांच्या मेहुण्याच्या बागेत राखणीला आहेत. पत्रा निघाला, बटण आलं, संडासाच्या दारावरचं रीडर गेलं. झुलेखाआपाची केस कामगार कोर्टात वर्षानुवर्षं चालली आणि आम्ही जिंकलो. मयेकर प्रत्येक तारखेला आले, एस. टी. बदलून, स्वच्छ शर्ट घालून. कोठारे साहेबांना कंपनीने दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात पाठवलं. ऐकलं, की तिथे त्यांना बढती मिळाली. तिथेही बायका कोलंबी सोलतात.

आपा आता घरीच असते. डावा डोळा गेला. आवाज बसला तो बसलाच, जवळ जाऊन ऐकावं लागतं. चार पावलं चालली की थांबते. मी अधूनमधून जाते, तस्नीमने केलेला चहा पिते, गप्पा मारते. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलायची नाही, आणि मीही विचारायचे नाही. कोर्टात तिला विचारलं, तेव्हाही ती नेमकं तेवढंच बोलली होती, जेवढं वकिलाने विचारलं.

गेल्या वर्षी एकदा दुपारी आम्ही दोघीच पडवीत बसलो होतो. कशावरून कोण जाणे, मी विचारून टाकलं, "आपा, मयेकर दाराशी आले होते, ते तुला कळलं होतं?"

"कळलं होतं की," ती म्हणाली. "त्यांचा आवाज आला तेव्हा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, आता उघडतील."

ती थोडा वेळ श्वास घेत राहिली.

"मग साहेबाचा आवाज आला. आत कोणी नाही, म्हणाला. मी पुन्हा ठोकायला हात उचलला होता. पण तो इतक्या खात्रीने बोलला गो रसिका, की माझा हात तसाच राहिला वर. मला वाटलं, खरंच मी हाय ना आत? का नाय?"

मग तिला खोकल्याची उबळ आली आणि पुढचं बोलणं राहिलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. तिला कोंडलं, तिचा डोळा गेला, तिचा श्वास गेला, या सगळ्याचा हिशेब कोर्टाने केला. पण तो वर राहिलेला हात कुठल्या कोर्टात सांगायचा? त्या हातासाठी मी त्या माणसाला माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.